चौदा महिन्यांची धूळ

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज अर्जाचा मसुदा हातात आला. माझं नाव शेवटच्या पानावर आहे – आभारांत! तेही तराजू दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या खाली. हे कुणाला सांगायला गेले तर आवाज चढेल, आणि माझा आवाज चढला की लोक मुद्दा सोडून आवाजाबद्दल बोलतात. म्हणून लिहिते आहे. आजवर प्रयोगाच्या नोंदींखेरीज कशाची नोंद ठेवली नाही. आता ही ठेवते.

विषय असा. विद्यापीठाने नवा निधी जाहीर केला आहे. वेगवेगळ्या विद्याशाखांच्या किमान तीन विभागांतल्या प्राध्यापकांनी मिळून एक प्रकल्प मांडायचा. पसंत पडला तर तीन वर्षं खर्च विद्यापीठाचा. तेव्हापासून जी माणसं जिन्यात समोर आली तर भिंतीकडे बघायची, ती एकमेकांच्या खोलीत चहा प्यायला लागली आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीच्या डॉक्टरांना खडीच्या क्रशरजवळच्या वस्तीतला खोकला हवा आहे. खोकला त्यांच्याकडे. आकडेमोड संख्याशास्त्र विभागाकडे. आणि धूळ? धूळ आमच्या रसायन विभागाकडे – म्हणजे माझ्याकडे. त्या वस्तीतल्या एकतीस छपरांवर मी तेवीस वर्षं बरण्या ठेवते आहे. दर महिन्याच्या एक तारखेला उतरवते. गाळते, वाळवते, तोलते, लिहिते. कुणी सांगितलं नव्हतं. पुढे बढतीला ते कामी आलं असंही नाही. डॉक्टरेट नसलेल्या बाईने काय मोजलं, हे कोण विचारतो!

आता विचारायला लागले. वह्या द्या म्हणाले. आणि बाई आभारांत.

५ फेब्रुवारी

विभागप्रमुखांना विचारलं, “मसुदा वाचलात?” म्हणाले, “ओझरता.” माझ्याच हाताखाली शिकला. तेव्हाही सगळं ओझरतंच वाचायचा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तिन्ही विभागांची बैठक. छातीचे डॉक्टर मधोमध बसले. गोरेगोमटे, मऊ आवाजाचे. रोग्याला वाईट बातमी द्यायची सवय असलेल्या माणसाचं हसू असतं तसं हसतात.

“मॅडम, तुमच्या नोंदी म्हणजे सोनं आहे सोनं!”

मी म्हटलं, “मग सोनाराचं नाव आभारांत कसं?”

सगळे हसले. मी हसले नाही, तेव्हा थांबले.

मग नियम निघाले. संशोधकाला डॉक्टरेट हवी, मला नाही. तीन वर्षं नोकरी शिल्लक हवी, माझं एक वर्ष राहिलं. विभागप्रमुख म्हणाले, “मॅडम, नियमच आहे, माझ्या हातात असतं तर –” त्याच्या हातात काही नसतं. सही तेवढी असते.

संख्याशास्त्राकडून एक मुलगी आली होती. तिशीची असेल. हंगामी नेमणूक, दर सहा महिन्यांनी मुदत वाढवून घ्यायची. मी मनातल्या मनात तिचं नाव ‘आकडेवाली’ ठेवलं. बैठकभर टिपणं घेत होती. शेवटी म्हणाली, “पण धूळ कुणी मोजली ते नाव नसेल तर परीक्षक विचारतील ना, की ही धूळ आली कुठून?”

डॉक्टर म्हणाले, “हवेतून.”

पुन्हा सगळे हसले. मी उठले. वह्या देणार नाही म्हणून सांगितलं. कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये असते.

८ फेब्रुवारी

घरी वन्सं म्हणाल्या, “किल्ली घेऊन बसलीस म्हणे! तुझा स्वभाव म्हणजे सुंभ जळेल पण पीळ नाही जळायचा.” ह्यांची थोरली बहीण. एकाहत्तर वर्षांच्या आहेत. हे गेल्यापासून माझ्याकडेच असतात, म्हणजे मी त्यांच्याकडे असते असं त्या धरून चालतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संशोधन कक्षात जाऊन निधीची नियमावली मागितली. तिथले अधीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, “बाई, ही आजवर कुणी मागितली नाही. सगळे कोरा अर्ज तेवढा नेतात.” तिथेच खुर्चीत बसून अडतीस पानं वाचली. नियम सतरा: डॉक्टरेट नसली तरी विषयातलं दीर्घकाळचं काम असेल, तर समितीच्या संमतीने सहसंशोधक होता येतं. सेवाकाळाची अटही शिथिल होते.

त्या पानाच्या दोन प्रती काढल्या. एक विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवली, एक डॉक्टरांकडे धाडली. सोबत चिठ्ठी जोडली नाही. गरजच काय!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नाव लागलं. सहसंशोधक, तिसऱ्या क्रमांकावर. डॉक्टर स्वतः खाली प्रयोगशाळेत आले. “तुमच्याशी भांडण परवडायचं नाही, मॅडम.” मी म्हटलं, “भांडले नाही. वाचलं.”

वह्या खोलीबाहेर जाणार नाहीत, माझ्यासमोर उतरवून घ्यायच्या, ही माझी अट. आकडेवाली उद्यापासून येईल.

घरी वन्संना सांगितलं. “तिसऱ्या क्रमांकावर?” म्हणाल्या. “एवढ्यासाठी पंधरा दिवस माझं डोकं खाल्लंस?”

पण मला झोप चांगली लागली. तेवीस वर्षांत माझं नाव कुठे छापून आलेलं नाही. परीक्षेच्या वेळापत्रकात येतं, पर्यवेक्षक म्हणून.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आकडेवाली माझ्या समोरच्या टेबलावर बसते. भराभर काम करते. नखं कुरतडते, मी रागावले की बंद करते, मग विसरते. माझ्या वहीतले शेरे वाचून हसते. “बरणी ९ – मांजराने पाडली.” “बरणी २२ – कावळ्याची घाण, वजन धरू नये.” “बरणी १४ – घरमालकाने लोणचं घालायला नेली. परत मागितली. दिली नाही.”

“मॅडम, हे सगळं तुम्ही खरंच लिहून ठेवलंत?”

“नाहीतर काय, लोणचं तोलू?”

खूप हसली. मीही. ह्या खोलीत कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

तिची अडचण अशी की दर महिन्याला एकतीसच्या एकतीस बरण्या असतात असं नाही. एखादी फुटते, एखादी हरवते. त्या ठिकाणी मी आडवी रेघ मारते. तिच्या हिशेबात रेघ चालत नाही. तिला सलग, भरलेले महिने हवेत. वस्तीजवळ दुसरा क्रशर अकरा वर्षांपूर्वी सुरू झाला. त्याच्या आधीचा एक सबंध काळ पायाला धरायचा आणि पुढची सगळी धूळ, सगळा खोकला त्याच्याशी ताडून बघायचा. “पाया पक्का मिळाला की बाकीचं मी बघते,” म्हणाली.

१ मार्च, शनिवार

बरण्या. सोळा छपरं आज झाली, उरलेली उद्या. गुडघे बोलतात. चढताना नाही, उतरताना.

सातव्या बरणीचं घर शिंपीणबाईचं. पत्र्यावर चढायला तिची शिडी. मशीनवर बसूनच बोलते. मध्येच खोकला येतो तेव्हा पाय थांबतो, चाक थांबतं, खोकून झालं की पुन्हा चालू. आता हे नेहमीचंच.

“बाई, मोजता मोजता तुम्ही म्हाताऱ्या झालात. धूळ काही म्हातारी होत नाही.”

मी सांगितलं की ह्या खेपेला मोठे डॉक्टर आहेत, विद्यापीठ आहे, काहीतरी होईल.

“काय होईल?”

“कागदावर येईल.”

“कागदावर का! पुसायला बरं पडेल.” दोऱ्याला थुंकी लावून तिने सुई ओवली. “पण तुम्ही मोजलंय म्हणजे खरं असेल. एवढं मी सगळ्यांना सांगते हां. बाई कडू आहे, पण खोटी नाही.”

६ मार्च, गुरुवार

दुपारी तीनला आकडेवाली खुर्चीतून उठलीच. “मॅडम, सापडला! पाया सापडला!”

बारा वर्षांपूर्वीचे महिने. अकरावी वही संपताना सुरू होऊन बाराव्या वहीत सरतात. चौदा महिने सलग, एकतीसच्या एकतीस बरण्या, एकही रेघ नाही. “एक फुटली नाही, मांजर नाही, कावळा नाही, लोणचं नाही! तेवीस वर्षांतलं तुमचं सगळ्यांत चोख काम. इतकी स्वच्छ मापं मी कुठेच पाहिली नाहीत.”

मी म्हटलं, “असेल.”

“असेल काय! ह्याच्यावर सगळं उभं राहतं, मॅडम.”

परिचराला चहा सांगितला. चहा आला, तिने बिस्कीट बुडवलं, ते तुटून आत पडलं, तरी हसत होती.

७ मार्च

डोकं दुखतं. रजा टाकली.

९ मार्च, रविवार

वन्संना काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं. की त्या मुलीने माझी तारीफ केली, अमुक अमुक चौदा महिने, एकही रेघ नाही म्हणून. का सांगितलं कुणास ठाऊक. कदाचित कुणीतरी अडवावं म्हणून.

वन्सं वाटाणे सोलत होत्या. हात थांबला नाही. “कुठले चौदा महिने?”

मी वर्ष सांगितलं.

“तेव्हा तू गेलीस कधी बरण्या उतरवायला? माझ्या भावाच्या उशाशी तर होतीस. अंघोळीला उठायची नाहीस. मीच ओरडायचे.”

पुढे काही विचारलं नाही त्यांनी. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तर लिहितेच. इथे तरी.

ते चौदा महिने मी एकाही छपरावर चढले नाही. ह्यांचं दुखणं, मग ते गेले, मग दिवसवार. कामावर परत आले तर तेव्हाच्या विभागप्रमुखांनी वार्षिक अहवाल मागितला. म्हणाले, “खंड पडला असेल तर हे बंदच करू, बाई. तुमची खोली वाचनालयाला हवी आहे.” दोन दुपारी दार लावून बसले. आधीच्या दोन वर्षांची सरासरी काढली. कुठे थोडं वाढवलं, कुठे कमी केलं. चौदा महिने गुणिले एकतीस. तीन वेगवेगळी पेनं वापरली, एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसू नये म्हणून. इतका विचार केला! फक्त मांजर घालायला विसरले.

आणि आणखी एक. परत आल्यावर बरण्या जागेवर होत्या. बऱ्याच. चौदा महिन्यांची धूळ तळाशी घट्ट बसलेली. ती तरी एकत्र तोलता आली असती – चौदा महिने मिळून एक आकडा. खरा. पण तो वहीतल्या बेरजेशी जुळला नसता. बरण्या मोरीत उपड्या केल्या आणि खराट्याने घासल्या.

बारा वर्षं मी हे स्वतःलाही सांगितलेलं नाही. ती पानं आली की दोन पानं एकदम उलटते.

१२ मार्च, बुधवार

आकडेवालीला म्हटलं, “तो काळ सोड. दुसरा घे.”

“का?”

“तेव्हा तराजू जरा बिघडला होता.”

“वहीत तसा शेरा नाही.” माझ्याकडे बघत राहिली. “आणि तुम्ही शेरा लिहिला नाही असं होईल का, मॅडम? तुम्ही तर लोणचंसुद्धा लिहिता.”

माझीच शिस्त माझ्या गळ्यात. खोटं बोलायचा सराव नसला की असं होतं. लिहायचा होता – बोलायचा नव्हता.

तिला काही संशय आलेला नाही. मी विनय करते आहे असं तिला वाटतं. विनय!

१७ मार्च, सोमवार

समितीसमोर मांडणी. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, पाच परीक्षक. डॉक्टर बोलले. आकडेवालीने आलेख दाखवला. डावीकडे चौदा महिने – सपाट, सरळ, ओटा पुसल्यासारखे. मग दुसरा क्रशर, आणि तिथून रेघ वर वर. तिच्याबरोबर खोकल्याची रेघ. पाहणाऱ्याला शब्दाची गरज नव्हती. सपाट पट्टा सपाट का आहे हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “असा पाया क्वचित मिळतो. ह्या नोंदी कुणाच्या?” डॉक्टरांनी हात माझ्याकडे केला. बाईंनी माझं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट, आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या.

मला आवडलं. हे लिहून ठेवते. त्या घटकेला मला फार आवडलं.

१९ मार्च

यादी लागली. सात प्रकल्प मंजूर, आमचा पहिला. फलकासमोर गर्दी ओसरली तेव्हा जाऊन बघून आले. नाव बरोबर लिहिलं आहे.

२० मार्च, गुरुवार

डॉक्टरांना सांगितलं. त्यांच्या खोलीत, बाहेर रोगी खोळंबलेले. सरळ सांगितलं – चौदा महिने मोजलेले नाहीत, मनाने भरले आहेत.

त्यांनी टेबलावरचा काचेचा गोळा फिरवला. मग म्हणाले, “मॅडम, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. आणि मी ऐकलं नाही.”

“मी आत्ता सांगितलं.”

“बसा. नीट विचार करा. सरासरीच घातलीत ना? म्हणजे जवळपास तेवढीच धूळ असणार. वस्तीत धूळ आहे की नाही? आहे. लोक खोकतात की नाही? खोकतात. मग?”

“मग मोजायचं कशाला? तुम्ही म्हणालात, झालं.”

त्यांचं हसू गेलं. “हे बाहेर पडलं तर क्रशरवाल्यांचे वकील काय म्हणतील? चौदाच महिने नाही म्हणायचे – तेवीस वर्षं खोटी म्हणतील. तुमच्या प्रामाणिकपणापायी वस्तीचं नुकसान कराल.”

ह्याचं उत्तर मला जिन्यात सुचलं: न बाहेर पडता वकिलाला सापडलं तर? तेव्हा काय म्हणतील?

पण जिन्यात सुचलेल्या उत्तराला कुणी विचारत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांनी ऐकलं नव्हतं, तरी विभागप्रमुखांना कळलं! मला बोलावलं. दार लावलं. “मॅडम, एक वर्ष राहिलंय. निवृत्तिवेतनाचे कागद निघायचेत. कशाला विस्तवाशी खेळ?” मग खाली बघून, “आणि खरं सांगू का, अर्जात ‘आकड्यांची तपासणी’ ह्या रकान्यात सही संख्याशास्त्राच्या मॅडमची आहे. उद्या काही निघालंच तर आधी त्यांनाच विचारतील. तुमच्यापर्यंत येणार नाही.”

मला धीर द्यायला सांगत होता तो. मनापासून!

ह्याला मी पंचवीस वर्षांपूर्वी दोन गुण वाढवून पास केलं होतं. तीही एक खोटी नोंदच.

२४ मार्च, सोमवार

आकडेवाली धावत आली. निधीतून तिची नेमणूक झाली. तीन वर्षं, सलग. “मॅडम, आईला फोन केला. म्हटलं, आता दर सहा महिन्यांनी देव पाण्यात ठेवू नकोस. आई रडायलाच लागली.”

पायाही पडायला निघाली होती. मी हात धरला, “हे असलं मला आवडत नाही,” म्हणून ओरडले. ती घाबरली. मग मला म्हणते, “तुम्ही आजारी दिसता.”

सांगायचं म्हणून तोंड उघडलं. म्हटलं, “नखं कुरतडू नकोस.”

तिला अजून काही म्हणजे काही माहीत नाही. माहीत असतं तर तिने सही केलीच नसती. ह्या मुलीने एकदा मला एका बरणीच्या एका दशांशासाठी तासभर अडवून ठेवलं होतं.

२६ मार्च, बुधवार

खोली आतून लावून चौदा महिने वगळून सगळं गणित पुन्हा मांडलं. हातानेच. तिचं यंत्र मला येत नाही. आधीच्या वर्षांतल्या रेघा रेघाच ठेवल्या, जे मोजलं तेवढंच धरलं.

वाढ आहे. पहिल्याइतकी सुबक नाही, सरळ चढत नाही, दोन ठिकाणी खाली येते. पण आहे. खोट्याची गरजच नव्हती! मोजलेलं पुरलं असतं – निधीला पुरलं नसतं कदाचित. टाळ्यांना तर नक्कीच नाही.

चार पानं झाली. टाचणी लावून ठेवून दिली.

२९ मार्च, शनिवार

वन्संशी भांडण. कडाक्याचं.

त्यांनीच काढलं. “जेवत नाहीस, तोंड पाडून फिरतेस. नाव लागलं ना एकदाचं?” मी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, मुलीची नोकरी, सगळं. आणि शेवटी म्हटलं, “मी काय हौसेने केलं? घरात तसं आजारपण असताना माणूस काय करील!”

वन्सं ताडकन म्हणाल्या, “माझ्या भावावर ढकलू नकोस. तो अंथरुणाला होता तेव्हा नाही लिहिलंस तू. तो गेल्यावर लिहिलंस. त्याने तुला काही लिहायला सांगितलं नव्हतं. उलट म्हणायचा, अगं, जाऊन ये एक दिवस, तुझ्या बरण्या वाट बघत असतील.”

“तुम्हाला काय कळतं ह्यातलं!”

“काही नाही कळत. चौथीपर्यंत शिकले मी. पण मेलेल्या माणसाच्या नावावर उधारी करू नये, एवढं कळतं.”

मी ताट सरकवून उठले. नको ते बोलले – कुणाच्या घरात राहता वगैरे. दहा वर्षं शाळेत, सात वर्षं कॉलेजात, तीस वर्षं नोकरीत शिकून हेच सुचलं. त्यांनी माझं ताट झाकून ठेवलं आणि आतल्या खोलीत गेल्या.

ह्यांनी तसं म्हटलं होतं का? म्हटलं असेल. मी विसरले होते. की ती दोन पानंही एकदम उलटली?

३० मार्च, रविवार

ठरलं. गप्प बसायचं. एक वर्ष काढायचं. मुलीची नोकरी राहील, वस्तीचा प्रकल्प राहील, कुणाचं काही जात नाही.

२ एप्रिल, बुधवार. संशोधन कक्ष, सकाळी साडेअकरा

गप्प बसायचं ठरवलं ते टिकलं नाही – काल एक तारीख, सातव्या बरणीच्या शिडीवर ‘बाई कडू आहे, पण खोटी नाही’ आठवलं. निधी समितीसाठी अधीक्षकांच्या हाती दिलं ते असं: धुळीच्या नोंदवह्या, तेवीस. पैकी अकराव्या व बाराव्या वहीतल्या चौदा पानांवर काल लाल शाईने आडवं लिहिलं आहे – ‘मोजलेलं नाही. आकडे मनाने भरले’ – आणि प्रत्येक पानावर माझी सही. ते महिने वगळून केलेलं गणित, चार पानं. सहसंशोधक म्हणून माझं नाव काढण्याचा अर्ज, एक पान. कपाटाची किल्ली.

अधीक्षकांनी सगळं मोजून घेतलं, चष्मा काढला आणि विचारलं, “आकडे तपासणाऱ्या मॅडमची सही आहे ह्याच्यावर. त्यांना हे ठाऊक नव्हतं, ह्याला पुरावा काय?”

आहे, म्हटलं. म्हणून त्यांच्याच टेबलावर हे शेवटचं पान लिहून ही वहीही देते आहे. ६, १२ आणि २४ मार्च वाचावं. बाकीचंही वाचलं जाईल, विभागप्रमुखही वाचतील, ठाऊक आहे. एकही ओळ खोडलेली नाही.

पोच मिळाली.